कोल्हापूर दोन दिवसांत: कधी काय खायचं, कुठे काय बघायचं

कोल्हापूरची सहल बहुतेकांची एकाच ठिकाणी फसते. लोक सकाळी दहा-अकराला पोचतात, तडक अंबाबाईच्या रांगेत उभे राहतात, दुपारी दोनला भुकेने कासावीस होऊन दिसेल त्या हॉटेलात शिरतात आणि संध्याकाळी चपलांची एक जोडी घेऊन परतीच्या गाडीत बसतात. तोवर मिसळ कधीच संपलेली असते, भेळेच्या गाड्या अजून लागायच्या असतात आणि गंगावेशीतल्या म्हशी घरीच असतात. या शहरात प्रत्येक पदार्थाची वेळ ठरलेली आहे. ती वेळ आधी धरायची आणि बघायची ठिकाणं तिच्या मधल्या जागेत बसवायची, एवढं केलं तर दोन दिवस पुरतात. जुनं शहर आटोपशीर आहे. देऊळ, राजवाडा, खासबाग, बिंदू चौक, गंगावेस हे सगळं चालत होतं.

केव्हा जायचं, कुठे उतरायचं

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर हा सगळ्यात चांगला काळ. हवा कोरडी आणि थंड असते, गुऱ्हाळं सुरू असतात आणि पन्हाळ्यावर दुपारीही फिरता येतं. नवरात्रात शहराचं रूप बघण्यासारखं असतं, पण तेव्हा फक्त देवीसाठी जा; निवांत खाणं-फिरणं त्या नऊ दिवसांत होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पन्हाळा ढगांत असतो आणि सुंदर दिसतो, मात्र पंचगंगेच्या पाण्याकडे लक्ष ठेवून बेत करा. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पुणे-बंगळूर महामार्गही शिरोलीपाशी बंद झाला होता.

मुंबईहून येणाऱ्यांना महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची. रात्री बसा, सकाळी कोल्हापुरात उतरा. स्टेशनचं नाव छत्रपती शाहू महाराज टर्मिनस. पुण्याहून रस्त्याने अंतर साधारण दोनशे तीस किलोमीटर आहे; पहाटे निघालात तरच पहिला दिवस हाती लागतो, त्यापेक्षा आदल्या रात्री येऊन झोपलेलं बरं. महामार्गावरून तावडे हॉटेलच्या चौकातून आत वळलं की कावळा नाका आणि पुढे मध्यवर्ती बसस्थानक. रेल्वे स्टेशन आणि एसटी स्टँड एकमेकांच्या जवळच आहेत.

राहण्यासाठी दोन पर्याय. स्टँडजवळच्या शाहूपुरीत लॉज आणि हॉटेलं भरपूर, खाण्याचीही सोय चांगली. देवळाच्या आसपास यात्री निवास आणि छोटी लॉज आहेत. खोल्या साध्या, पण पहाटे उठून पाच मिनिटांत देवळात पोचता येतं. मी देवळाजवळ राहायला सांगेन. स्वतःची गाडी असेल तर ती बिंदू चौकाच्या वाहनतळावर लावा आणि जुन्या शहरात पायी फिरा. महाद्वार रोडवर गाडी घालण्यात काही अर्थ नाही.

पहिली सकाळ: अंबाबाई आणि जुना राजवाडा

देवळात सहाच्या सुमाराला जा. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा आणि सुट्ट्या सोडून कुठल्याही दिवशी या वेळी रांग झपाट्याने पुढे सरकते. गर्दी असेलच आणि सोबत म्हातारी माणसं असतील तर मुखदर्शनाच्या रांगेतून लांबून दर्शन होतं, तेवढ्यावर समाधान माना.

दर्शन झालं की लगेच बाहेर पडू नका. देऊळ काळ्या दगडाचं, आणि बाहेरच्या भिंतीचे कोन ताऱ्यासारखे आत-बाहेर गेलेले आहेत. सकाळचं तिरपं ऊन त्या कोनांवर पडतं तेव्हा वादक, नर्तकी आणि योगिनींची शिल्पं उठून दिसतात. एक प्रदक्षिणा फक्त या भिंतीसाठी घाला. गाभाऱ्याच्या वरच्या मजल्यावर मातुलिंग नावाचं शिवलिंग आहे. देवीच्या मूर्तीच्या चार हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र आहे, आणि मूर्ती पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे. म्हणूनच वर्षातून दोनदा मावळतीचे किरण महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात: ९, १० आणि ११ नोव्हेंबरला, आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. हा किरणोत्सव गाठायचा असेल तर सहलीच्या तारखाच तशा ठरवा, आणि ढग आले तर काही दिसत नाही हेही मनाशी धरून जा. शुक्रवारी रात्री देवीची पालखी निघते. गाठता आली तर चुकवू नका.

देवळातून बाहेर पडून दोन मिनिटांवर भवानी मंडप. हाच जुना राजवाडा. आत तुळजाभवानीचं देऊळ आहे, राजघराण्याच्या शिकारीतले प्राणी आहेत, आणि समोर नगारखान्याची उंच कमान. अर्धा तास पुरतो. तिथून महाद्वार रोडच्या बाजूला बिनखांबी गणेश. नावाप्रमाणे आत एकही खांब नाही. कोल्हापूरकर पत्ता सांगताना या गणपतीचा आधार हमखास घेतात, त्यामुळे तो एकदा बघून ठेवला की पुढे रस्ते विचारणं सोपं जातं.

मिसळ: साडेआठ ते साडेदहा

कोल्हापुरात मिसळ हा सकाळचा पदार्थ आहे. नावाजलेल्या ठिकाणी दुपारपर्यंत माल संपतो आणि रविवारी तर ताटकळत उभं राहावं लागतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी नऊच्या आत पोचा.

मोड आलेल्या मटकीची उसळ, त्यावर बटाट्याची भाजी, शेव-चिवडा, कांदा, कोथिंबीर आणि वरून कट. कट म्हणजे कांदा-लसूण चटणीचा लालभडक, तवंग असलेला रस्सा. बरोबर येतो तो पाव नव्हे, स्लाइस ब्रेड. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे खटकतं, पण ब्रेडची स्लाइस कट पटकन शोषते आणि तोंडात विरघळते, पावासारखी मधे येत नाही. दोन घास खाल्ले की पटतं. तिखट किती झेपेल याची खात्री नसेल तर कट वेगळ्या वाटीत मागा आणि थोडा थोडा घाला. वाढप्याला सांगितलं की कोणी नाक मुरडत नाही. उलट ज्यांना हवा त्यांना जादा कट मिळतोच.

कुठे खायची याला तीन उत्तरं आहेत, आणि प्रत्येक उत्तराबरोबर पुढची वाट बदलते.

देवळाजवळच राहायचं असेल तर चोरगे. दर्शन, मंडप, मिसळ हे सगळं पायी होतं. लहान मुलं आणि वडीलधारी सोबत असतील तर हेच करा.

फडतरे शिवाजी उद्यमनगरात आहे. हा फाउंड्र्या, लेथ आणि सुट्या भागांच्या कारखान्यांचा भाग. सकाळी पाळीवर जाणाऱ्या कामगारांचं पोट भरेल असं खाणं म्हणून मिसळ इथे का रुजली हे आजूबाजूला नजर टाकली की कळतं. नाव सगळ्यात मोठं, रांगही सगळ्यात मोठी.

तिसरं, बावडा मिसळ, कसबा बावड्यात. शहरापासून थोडं लांब, पण माझी पसंती हिला, कारण तिच्याबरोबर पुढची सगळी सकाळ एका रेषेत येते. कसबा बावड्यातच लक्ष्मी विलास पॅलेस आहे, जिथे २६ जून १८७४ रोजी शाहू महाराजांचा जन्म झाला. मिसळ खाऊन तिथे जा, तिथून शहराकडे परत येताना न्यू पॅलेस लागतो, आणि पुढे भाऊसिंगजी रोडने टाउन हॉल व दसरा चौक. रिक्षा एकदाच ठरवावी लागते.

दुपारपर्यंत: न्यू पॅलेस, टाउन हॉल, दसरा चौक

न्यू पॅलेसचं बांधकाम १८७७ ते १८८४ या काळातलं, आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. काळा घडीव दगड, घुमट, मधोमध घड्याळाचा मनोरा. खालच्या मजल्यावर शहाजी छत्रपती संग्रहालय आहे. शस्त्रं, पोशाख, हौदे आणि पेंढा भरलेले पुष्कळ प्राणी. प्राण्यांच्या दालनांतून भराभर पुढे जा आणि वेळ दरबार हॉलसाठी राखा. तिथल्या रंगीत काचांवर शिवछत्रपतींच्या आयुष्यातले प्रसंग आहेत; ऊन असताना त्या उजळतात, म्हणून सकाळ बरी. आत फोटो काढता येत नाहीत.

टाउन हॉलचं संग्रहालय बहुतेक सहलींत वगळलं जातं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. इमारत १८७२ ते १८७६ मधली, हीसुद्धा मँट यांचीच. बागेत तोफा ठेवल्या आहेत. आत आहे ब्रह्मपुरीचं उत्खनन. पंचगंगेच्या काठावरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात खोदकाम झालं, तेव्हा सातवाहन काळातली वस्ती उघडी पडली, आणि तिच्यात सापडली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती. समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्रीच्या या अंगाला, भूमध्य समुद्राकडचा देव. हा व्यापार बंदरांपासून घाट चढून करवीरपर्यंत, म्हणजे जुन्या कोल्हापूरपर्यंत येत होता, हे सांगायला ती वीतभर मूर्ती पुरेशी आहे. तिच्यासमोर पाच मिनिटं थांबा. आबालाल रहमान यांच्यापासून पुढच्या कोल्हापूरच्या चित्रकारांची चित्रंही इथे आहेत. सोमवारी संग्रहालय बंद असतं, तेव्हा सोमवारी कोल्हापुरात असाल तर हा भाग दुसऱ्या दिवशी ढकला.

टाउन हॉलपासून दसरा चौक जवळ. मधे शाहू महाराजांचा पुतळा आणि आजूबाजूला जुनी बोर्डिंगं. निरनिराळ्या जातिधर्मांच्या गरीब मुलांना कोल्हापुरात राहून शिकता यावं म्हणून १९०१ पासून महाराजांनी वसतिगृहं उभी करायला लावली. १९०२ मध्ये संस्थानात मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. या चौकात उभं राहून ते वाचलेलं आठवलं की त्याचं वजन वेगळं जाणवतं. वेळ असेल तर बिंदू चौकातही डोकावा. जुन्या तटबंदीचा उरलेला भाग तिथे आहे, आणि महात्मा फुले व डॉ. आंबेडकर यांचे पुतळे आहेत. ते डिसेंबर १९५० मध्ये बसवले गेले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना.

तांबडा-पांढरा: दुपारी दीड-दोन

मटणाची थाळी दुपारीच खा. रात्री जड होते आणि दुपारी रस्सा ताजा असतो. रविवार, बुधवार, शुक्रवार हे कोल्हापूरकरांचे मटणाचे वार, त्यातही रविवारी दुपारी जागा मिळणं अवघड. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी गर्दी कमी. श्रावणात आणि नवरात्रात बरीच घरं मटण बंद ठेवतात, तेव्हा हॉटेलांतही शुकशुकाट असतो.

ओपल, पद्मा गेस्ट हाउस, देहाती, पारख ही जुनी आणि परिचित नावं. रिक्षावाल्याला नाव सांगितलं की पत्ता लागतो. पद्मा गेस्ट हाउसचं वातावरण खाणावळीचं, कुटुंबासह सावकाश बसायचं असेल तर ओपल. याखेरीज गल्लीबोळांत घरगुती खाणावळी आहेत. ज्या लॉजवर उतरला असाल तिथल्या माणसाला विचारा, तो स्वतः जिथे जेवतो तिथे जा.

ताटात काय येतं? सुकं मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी किंवा चपाती, भात, कांदा-लिंबू, कुठे खिमा, कुठे अंडं. रस्से पुन्हा पुन्हा वाढतात, मटण एकदाच. मटणाचे तुकडे शिजवलेलं पाणी, म्हणजे अळणी, हा दोन्ही रश्श्यांचा पाया. त्यात नारळाचं दूध, खसखस, काजू-तिळाचं वाटण आणि खडा मसाला गेला की पांढरा. भाजलेलं खोबरं-कांद्याचं वाटण आणि कांदा-लसूण चटणी गेली की तांबडा.

खायचा क्रमही सांगतो. पांढरा आधी, नुसता, वाटी तोंडाला लावून प्यायचा. गरम असतानाच त्याची चव आहे, निवला की तो दाट होऊन बसतो. मग सुकं मटण ज्वारीच्या भाकरीशी. मधूनमधून तांबड्याचा घोट. शेवटी भात, त्यावर तांबडा, आणि अगदी शेवटचा घास पांढऱ्याशी कालवून. पांढरा पिऊन पोट भरू देऊ नका, नवखे लोक तिथेच अडकतात. चांगला तांबडा जिभेला चटका देतो पण घशात जळजळ ठेवत नाही. नुसतं मिरचीचं पाणी वाढलं असेल तर ते हॉटेल फक्त पर्यटकांसाठी चाललंय असं समजा. कोल्हापूरचं जेवण म्हणजे निव्वळ तिखट, ही समजूत याच हॉटेलांनी पसरवली आहे. मटणाचं लोणचं मिळालं तर थोडं बरोबर मागवा.

शाकाहारी माणसाने अख्खा मसूर मागावा. कोल्हापूर-सांगली भागाचा हा खास पदार्थ: सालासकटचा मसूर, कांदा-लसणाचा मसाला, वरून तेलाचा तवंग, बरोबर रोटी किंवा भाकरी. इतर शहरांच्या मेनूवर असते ती लाल ग्रेव्हीची ‘व्हेज कोल्हापुरी’ इथे शोधत बसू नका. भरलं वांगं, पिठलं, खर्डा आणि दही मिळालं की जेवण झालं.

जेवून खोलीवर जा आणि दोन तास झोपा. संध्याकाळ मोठी आहे.

संध्याकाळ: खासबाग, भेळ, रंकाळा, दूध

पाचच्या सुमाराला खासबाग मैदानात या. शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचं कलोसियम पाहिलं आणि तशी रचना कुस्तीसाठी हवी असं मनात घेतलं. १९१२ मध्ये मैदान पूर्ण झालं. हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, मधे, आणि भोवतीचा मातीचा उतार असा की सगळ्यात मागच्या माणसालाही पैलवानांचे पाय दिसतात. तुमच्या तारखांना जंगी कुस्त्यांचं मैदान असेल तर बाकीचं सगळं रद्द करून इथे बसा. नसेल तर रिकामं मैदानही बघा.

शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह. १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं हे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. पुनर्बांधणीचं काम हाती घेतलं गेलं. गेलात तर ते किती पुढे आलंय हे बाहेरून पाहता येईल. ज्या शहरात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीचा जन्म झाला, त्या शहराचं हे नाट्यगृह आहे. त्याबद्दल बोलताना कोल्हापूरकराचा आवाज अजून जड होतो.

कुस्ती जवळून बघायची तर तालमीत जा. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या जुन्या तालमी. सराव पहाटे आणि दुपारनंतर चालतो. आखाड्याच्या तांबड्या मातीत ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर कालवलेला असतो. आत पाऊल टाकताच तो वास येतो. आधी वस्तादांची परवानगी घ्या, चपला बाहेर काढा, फोटो विचारूनच काढा. काही तालमींत बायकांना आखाड्यापाशी जाऊ देत नाहीत, तेव्हा आधीच विचारून घेतलेलं बरं.

खासबागेच्या खाऊगल्लीत राजाभाऊची भेळ. कुरमुरे, फरसाण, कांदा, चिंचेचं पाणी हे सगळीकडचंच, पण इथलं मिश्रण कोरडं आणि ओलं यांच्या बरोबर मधे थांबतं. हातात पडताच खा. दुपारची थाळी अजून पोटात असेल, त्यामुळे दोघांत एक पुरे.

सूर्य कलायला लागला की रिक्षाने रंकाळ्याला. देवळापासून एक-दीड किलोमीटर, चालतही जाता येतं. तळं मोठं आहे. पूर्ण फेरी मारायची गरज नाही. संध्यामठाच्या बाजूने पाण्याकडे बघत बसा, पलीकडे शालिनी पॅलेस दिसतो. काठावरच्या नंदीची एक गोष्ट इथे सगळ्यांना ठाऊक आहे: तो रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो, आणि तो रंकाळ्यापर्यंत पोचेल तेव्हा जग बुडेल. मुलं सोबत असतील तर ही गोष्ट त्यांना नंदीसमोरच सांगा. चौपाटीवरच्या गाड्यांवर मात्र खाऊ नका, पोटात अजून एक जागा ठेवायची आहे.

ती जागा गंगावेशीतल्या दूध कट्ट्यासाठी. संध्याकाळनंतर गवळी म्हशी घेऊन रस्त्याच्या कडेला येतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. साखर हवी तर सांगायची. तालमीतून आलेली पोरं दोन-दोन पेले उभ्याउभ्या रिचवतात. हा कट्टा तालमींमुळे आहे, आणि तालमी शाहू महाराजांच्या राजाश्रयाने वाढल्या. सकाळपासून जे पाहिलं ते या पेल्यापाशी जुळून येतं. एक काळजी घ्या. दूध न तापवलेलं असतं, त्यामुळे लहान मुलं, गरोदर बायका आणि नाजूक पोटाच्या माणसांनी ते पिऊ नये. त्यांच्यासाठी कॉकटेल आईस्क्रीम आहे: फळं, आईस्क्रीम, सुकामेवा एका उंच पेल्यात. सोळंकींकडचं प्रसिद्ध.

दुसरा दिवस: जोतिबा आणि पन्हाळा

सकाळी हलकं खा. लोणी डोसा कोल्हापुरात चांगला मिळतो, तो आणि चहा पुरे. आठच्या आत निघा. पन्हाळा वीस किलोमीटरवर आहे, एसटी जाते, पण वरच्या जागा लांब लांब पसरलेल्या असल्याने दिवसभराची रिक्षा किंवा गाडी ठरवलेली परवडते. ठरवतानाच जोतिबा, पन्हाळा आणि परत असं स्पष्ट बोला.

वाटेत फाटा फुटतो तो जोतिबाचा. डोंगरावरचं देऊळ, आणि पायऱ्यांपासून कळसापर्यंत गुलाल. गुलाल अंगावर पडणारच, पांढरे कपडे घालू नका. रविवार हा देवाचा वार, तेव्हा गर्दी. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला तर लाखोंनी लोक आणि आभाळाला भिडणाऱ्या सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या मानाच्या उंच काठ्या. जोतिबाहून पन्हाळ्याला थेट रस्ता आहे.

पन्हाळ्यावर क्रम असा ठेवा. आधी तीन दरवाजा आणि त्याला लागूनच अंधारबाव: तीन मजली विहीर, वर पहारेकऱ्यांची जागा, तळाशी पाणी, आणि मधून तटाबाहेर पडायची वाट. शत्रूने पाण्यात विष कालवू नये म्हणून विहीरच तटाच्या आत लपवली. मग अंबरखाना. गंगा, यमुना आणि सरस्वती ही धान्याची तीन कोठारं. गंगा कोठी सगळ्यात मोठी. आत गेल्यावर आवाज घुमतो आणि उन्हाळ्यातही गारवा असतो. मार्च ते जुलै १६६० या काळात सिद्दी जौहरचा वेढा असताना गड इतके महिने कसा टिकला, त्याचं उत्तर ही कोठारं आहेत. त्यानंतर सज्जा कोठी. तिच्या सज्जातून खालचा मुलूख दूरवर दिसतो. शेवटी बाजीप्रभूंचा पुतळा. १२ जुलैच्या रात्री शिवाजी महाराज गडावरून निसटले, शिवा काशीद यांनी त्यांचा वेश घेऊन स्वतःचा जीव दिला, आणि बाजीप्रभूंनी खिंड लढवली. शिवा काशीद यांची समाधी गडाच्या पायथ्याशी आहे. उतरताना तिथे थांबायला गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवा, कारण बहुतेक गाड्या न थांबता निघून जातात.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांची नोंद युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाली, त्यांत पन्हाळा आहे. गर्दी वाढली आहे, शनिवार-रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही. शक्य तर मधला वार निवडा.

दुपारचं जेवण गडावरच: झुणका-भाकरी, खर्डा, दही, कांदा. बायका चुलीवर भाकरी थापून देतात. हॉटेलात शिरण्यापेक्षा अशा ठिकाणी बसा, आणि भाकरी तव्यावरून उतरेपर्यंत थांबायची तयारी ठेवा.

तिसरा दिवस हाती असेल तर

खिद्रापूर. अंतर साठेक किलोमीटर, रस्ता उसाच्या मळ्यांतून, आणि महाराष्ट्रातल्या सगळ्यात सुंदर देवळांपैकी एक शेवटी उभं. कोपेश्वराचं हे देऊळ शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. पुढचा स्वर्गमंडप अठ्ठेचाळीस खांबांचा, आणि छताला मधोमध गोल मोकळी जागा. खाली तेवढीच गोल शिळा. त्या शिळेवर उभं राहून वर बघा. देवळाच्या पायाशी दगडी हत्तींची रांग आहे, प्रत्येक हत्ती निराळा. शिवाचं देऊळ असून समोर नंदी नाही. सकाळी नऊपर्यंत पोचलात तर ऊन शिल्पांवर चांगलं पडतं.

परतताना नृसिंहवाडी. कृष्णा-पंचगंगेचा संगम, दत्ताच्या पादुका, आणि घाटावरच्या दुकानांत बासुंदी, पेढे, कवठाची बर्फी. कवठाची बर्फी आंबटगोड असते आणि इतर ठिकाणी सहज मिळत नाही, ती घ्याच. पावसाळ्यात नदीचं पाणी देवळात शिरतं, तेव्हा जाण्याआधी चौकशी करा.

कणेरी मठाचं ग्रामजीवनाचं संग्रहालय मुलांना आवडतं. मोठ्यांनी दोहोंतलं एक निवडायचं तर खिद्रापूर.

खरेदी: शेवटच्या संध्याकाळी

चपला देवळाजवळच्या चप्पल लाईनमध्ये. खरी कोल्हापुरी ओळखायची तर तिला उलटी करा. खिळा दिसता कामा नये. तळ कातड्याच्या वादीने शिवलेला असतो. वास कातड्याचा येतो, रंगाचा किंवा रबराचा नाही. कमावलेल्या कातड्याचा तपकिरी रंग एकसारखा नसतो, डाग-छटा असतात, आणि तेच चांगलं लक्षण. मापाला किंचित घट्ट घ्या, आठ-पंधरा दिवसांत सैल होते. कापशी हा नाजूक, हलका प्रकार. रोज वापरायला जाड तळाची बरी. पाण्यात घालू नका, अधूनमधून तेलाचा हात फिरवा. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या काही जिल्ह्यांना मिळून या चपलेचं भौगोलिक मानांकन मिळालं. बनवणारे कारागीर बहुतेक लहान गावांतले. घासाघीस करताना हाताने शिवायला किती वेळ जातो, हे लक्षात असू द्या.

गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, साज, ठुशी, पुतळ्यांची माळ असे गळ्यातले दागिने. साजात परंपरेने एकवीस पानं असतात, त्यांत दहा दशावतारांची आणि आठ अष्टमंगलांची. सोन्याचा घ्यायचा नसेल तरी एखाद्या सराफाकडे बसून पानं समजून घ्या, दुकानदार आवडीने सांगतात.

गूळ हिवाळ्यात घ्या. फार पिवळाधमक, चमकदार गूळ टाळा. गडद तपकिरी, थोडा मऊ असेल तो निवडा. कांदा-लसूण चटणी सुटी मिळते, पण ती तेलकट असते आणि प्रवासात पिशवीला डाग पडतात. दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधून मग डब्यात ठेवा, आणि घरी पोचल्यावर काचेच्या बरणीत काढा. जयसिंगपूरचं भडंग गाडीत खायला घ्या. महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्रीची असल्याने शेवटच्या दिवशी राजाभाऊची भेळ पुन्हा एकदा खाऊन स्टेशनवर जाता येतं. खासबागेतून निघताना मात्र तासभर हाताशी ठेवा, संध्याकाळी दसरा चौकापासून स्टेशनपर्यंत वाहतूक तुंबते.